सव्वानऊचं ड्रॉइंग

पहिल्यांदा ड्रॉइंग नाहीसं झालं तेव्हा दंडपाणींनी तामरैला एवढंच विचारलं, “पण तू ते काढलं होतंस ना नक्की?”

हे विचारायला नको होतं, हे त्यांना विचारता विचारताच कळलं. तामरैने खुर्ची त्यांच्याकडे वळवली आणि नुसतं पाहिलं. तान्हं मूल पाळणाघरात सोडून, घरच्यांचे डबे भरून, बसमध्ये उभ्याने आलेली बाई अशा प्रश्नानंतर जसं पाहील, तसं. दंडपाणींनी चष्मा काढून पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता, पण अशा वेळी माणसाला पुसायला काहीतरी लागतं.

“काल संध्याकाळी तुम्हीच तपासलंत, सर. ‘छान आहे’ म्हणालात. तुम्हीच सर्व्हरवर ठेवलंत.”

“ठेवलं म्हणजे ठेवलंच. मी फक्त खात्री करत होतो.”

कोईमतूरच्या त्या कंपनीत इडली-डोशाचं पीठ वाटायचे ग्राइंडर बनत. ऑफिस गांधीपुरमला, कारखाना अन्नूर रस्त्यावर. तामरै ऑफिसात ड्रॉइंग काढायची, विभागप्रमुख म्हणून दंडपाणी ते तपासून ऑफिसच्या सर्व्हरवर ठेवायचे, आणि थोड्या वेळाने त्याची जुळी प्रत कारखान्याच्या सर्व्हरवर आपोआप उमटायची. दोन्हीकडे नेहमी एकच चित्र. आता मात्र उलटंच झालं होतं. नवीन ड्रॉइंग कारखान्यात पोचलं नव्हतं, ते नव्हतंच. पण ऑफिसातूनही गेलं होतं, आणि त्याच्या जागी मागच्या महिन्यातलं जुनं ड्रॉइंग येऊन शहाजोगपणे बसलं होतं.

कारखान्याचा फोरमन मरुदाचलम फोनवर कुरकुरला, “सर, अजून जुनंच दिसतंय. दोन हातांचंच.”

दोन हातांचं म्हणजे काय, ते सांगायला हवं. ग्राइंडरचं भांडं तिरकं करून पीठ काढायचं तर एका हाताने खिट्टी ओढून धरावी लागे आणि दुसऱ्याने भांडं लवंडावं लागे. कंपनी स्थापन झाल्यापासून हे असंच चाललं होतं. बाईचे दोन्ही हात मोकळेच असतात, अशी कंपनीची समजूत होती. बाळंतपणाची रजा संपवून परत आलेल्या तामरैने पहिल्याच आठवड्यात मालकांना सांगितलं, “अय्या, ही खिट्टी कोपराने दाबून सुटेल अशी करते. एका कडेवर मूल असलं तरी पीठ काढता येईल.” मालक अरंगसामी, म्हणजे सगळ्यांचे मुदलाळी, मिशीत हसले आणि म्हणाले, “कर. पण आडीच्या आधी साचा कापायला गेला पाहिजे. नाहीतर जुनाच ग्राइंडर हिरव्या रंगात काढतो.”

आडी म्हणजे तमिळांचा आषाढ; तो महिना लागला की कोणी नवं काम सुरू करत नाही. आडीच्या आधी काम सुरू झालं नाही तर दिवाळी हुकणार, आणि दिवाळीला जे बाजारात नाही ते नाहीच. म्हणजे तामरैच्या खिट्टीला जेमतेम दोन आठवडे होते, आणि त्यातलं पहिलं ड्रॉइंग हवेत विरलं होतं.

तामरैने ते पुन्हा काढलं. दंडपाणींनी पुन्हा ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा नव्हतं.

इथे दंडपाणींच्या शिस्तीबद्दल दोन शब्द लिहिणं भाग आहे, कारण त्यांना स्वतःला ते फार आवडलं असतं. कॉम्प्युटरला रोज विभूती लावल्याशिवाय ते बटण दाबत नसत. सर्व्हरच्या खोलीत चप्पल घालून कोणाला जाऊ देत नसत. ड्रॉइंगची जास्तीची प्रत कोणी आपल्या कॉम्प्युटरवर ठेवलेली त्यांना खपत नसे. “पसारा” या शब्दाची त्यांना शिसारी होती. शिवाय भिंतीवरच्या रोज फाडायच्या कॅलेंडरवर त्या त्या दिवसाची शुभ वेळ छापलेली असते, तीही ते पाळत. सर्व्हर बसवला त्या दिवशी मुदलाळी त्यांच्या पाठीमागे उभे होते. पहिल्या फाईलवरची वेळ वाचून ते म्हणाले होते, “सव्वानऊ! वा. असंच पाहिजे.” दंडपाणींनी कॅलेंडर पाहिलं. त्या दिवशीची शुभ वेळ नेमकी सव्वानऊची होती. मुदलाळींच्या मनातलं आपण ओळखलं, असं त्यांना वाटलं, आणि तेव्हापासून एकही फाईल अशुभ वेळेची म्हणून सर्व्हरवर गेली नव्हती. आता ड्रॉइंग संध्याकाळी पाचला तयार झालं तर काय करायचं? काही नाही. दंडपाणी आपल्या कॉम्प्युटरचं घड्याळ सकाळच्या शुभ वेळेला लावत, फाईल सेव्ह करत, सर्व्हरवर सरकवत आणि घड्याळ पूर्ववत करत. संध्याकाळचीही एक शुभ वेळ असते, पण सकाळची ती सकाळची. कोणी याला लबाडी म्हणेल. दंडपाणी याला नियोजन म्हणत.

मुदलाळी अकराला यायचे, येता-जाता फाईलवरच्या वेळा वाचायचे आणि मान डोलवायचे. दंडपाणींना आणखी काय हवं होतं?

घरी त्यांनी ही गोष्ट काढायला नको होती. पण नवऱ्याचा चेहरा बघून स्वर्णमने विचारलं, आणि त्यांनी उत्तर देईपर्यंत शेजारचे नटेश मामा दारात हजर. मामा वीज खात्यातून निवृत्त झाले होते आणि जगातल्या प्रत्येक दुखण्यावर त्यांच्याकडे एकच निदान होतं.

“अर्थिंग,” मामा म्हणाले. “लिहून देतो, दंडपाणी. तुमच्या सर्व्हरचं अर्थिंग सुकलंय. खड्ड्यात मीठ टाका आणि पाणी घाला, भरपूर.”

“अहो, मागे आपला मिक्सर फिरेना तेव्हा पण मामांनी अर्थिंगच सांगितलं होतं,” स्वर्णम स्वयंपाकघरातून म्हणाली. “नंतर आत चमचा सापडला.”

“चमच्याला पण अर्थिंग लागतं,” मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दंडपाणींनी ऑफिसमागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मिठाची पिशवी रिकामी केली आणि नळी सोडली. नळी सोडून ते फोन घ्यायला वर गेले. फोन लांबला. खड्डा भरला, पाणी उतारावरून निघालं आणि तळमजल्यावरच्या कापडदुकानाच्या शटरखालून शिरलं. दुकानदार पांढऱ्या वेष्ट्यांचा, म्हणजे तिकडच्या धोतरांचा, ठिबकणारा गठ्ठा छातीशी धरून वर आला आणि सगळ्या ऑफिससमोर म्हणाला, “साहेब, एवढी तहान लागली होती का तुमच्या मशीनला?” ऑफिस हसलं. दंडपाणी हसले नाहीत. ड्रॉइंगही आलं नाही.

मग संशय ऑफिस आणि कारखाना यांच्यामधल्या टेलिफोन लाईनवर गेला. दंडपाणी टेलिफोनच्या कचेरीत जाऊन उभे राहिले. खिडकीतल्या माणसाने कागद चाळले.

“लाईन रामसामी यांच्या नावावर आहे. तक्रारीवर त्यांची सही लागेल.”

“ते आमच्या मालकांचे वडील. ते वारले.”

“कधी?”

“झाली बरीच वर्षं.”

“मग लाईन बिघडल्याचं त्यांना कसं कळलं?”

“त्यांना नाही कळलं हो. मला कळलं. तक्रार माझी आहे.”

“तुमच्या नावावर लाईनच नाही,” खिडकी फार प्रेमळपणे म्हणाली, “मग तुम्हाला कसला त्रास?”

या युक्तिवादात कुठेतरी खोट आहे, एवढं दंडपाणींना जाणवत होतं. पण कुठे आहे ते बस येईपर्यंत सापडलं नाही आणि बस आल्यावर बसायला जागा सापडली नाही.

तामरै तिसऱ्यांदा ड्रॉइंग काढायला बसली. आता तिला खिट्टीचं प्रत्येक माप पाठ झालं होतं. काढता काढता ती कोपर हळूच टेबलाच्या कडेवर दाबून बघायची, किती जोर लागेल ते. दंडपाणींना ते दिसायचं. दिसलं की ते दुसरीकडे पाहायचे, कारण बिघाड अजून सापडला नव्हता आणि तिला तोंड दाखवणं जड जात होतं.

हिशेबातल्या पेरियनायकी अक्कांनी तोवर रोगनिदान केलं होतं: दृष्ट. त्या स्वतःच कोहळा घेऊन आल्या, त्यात कुंकू भरलं, वर कापूर लावला, सर्व्हरच्या खोलीसमोर ओवाळला आणि उंबऱ्यावर दाणकन फोडला. त्याच वेळी जिना चढून सर्व्हरवाल्या कंपनीचा इंजिनियर येत होता. ज्ञानप्रकाशम नावाचा हा पोक्त, थकलेला माणूस रोज चार ऑफिसांतली अशी दुखणी बघायचा. आज मात्र दंडपाणींच्या नियमाप्रमाणे त्याने चप्पल बाहेर काढली, अनवाणी पाय कोहळ्याच्या गरात टाकला आणि बसूनच खोलीत प्रवेश केला.

उठल्यावर त्याने कपाळावरचं कुंकवाचं पाणी पुसलं, एक फाईल बनवली आणि सर्व्हरवर टाकली. कारखान्यात ती सुरळीत उमटली. दुसरी टाकली. तीही उमटली.

“चाललंय की सगळं,” तो म्हणाला.

“ते तुम्ही टाकलंत म्हणून,” पेरियनायकी अक्का म्हणाल्या. आणि मग सगळं ऑफिस ज्या वाक्याभोवती दोन दिवस घुटमळत होतं ते त्यांनी बोलून टाकलं. “हाताचा गुण असतो एकेकाच्या. तामरै, वाईट वाटून घेऊ नकोस गं. पण तुझाच कागद तेवढा पोचत नाही. बाकी सगळ्यांचे पोचतात.”

तामरैने मान वर केली नाही. तिच्या टेबलावर बाळाचं एक धुतलेलं दुपटं घडी करून ठेवलेलं असायचं. ते तिने पर्समध्ये टाकलं. दंडपाणींना तिथल्या तिथे काहीतरी बोलायचं होतं. विभागप्रमुख होते ते. त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, “कोहळा कोणी पुसणार आहे का?”

हे मुदलाळींच्या कानावर गेलं नसतं तर नवलच. त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. “दंडपाणी, मी असलं काही मानतो असं नाही. पण बुधवारपर्यंत बघू. गुरुवारी आडी लागतो. बुधवारी नाही पोचलं तर जुनाच ग्राइंडर हिरवा करा, आणि पुढची ड्रॉइंगं दुसऱ्या कोणाच्या हाताने काढून घेऊ. पोरीला घरी लेकरू आहे, तिलाही जरा हलकं काम मिळेल.”

हलकं काम म्हणजे काय, हे त्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. हलकं काम म्हणजे जुन्या फायलींवर चिठ्ठ्या चिकटवणं.

सोमवारी मरुदाचलमने आपल्या परीने मदत केली. नवा ग्राइंडर करायचा म्हणून तो इतका उतावीळ झाला होता की रोज अकराला ते ड्रॉइंग उघडून “आलं का” म्हणून बघायचा, आणि बंद करताना कॉम्प्युटर “बदल ठेवू का?” विचारी तेव्हा कशाला नाही म्हणा, म्हणून “हो” दाबायचा. सोमवारी त्याला सुचलं की जुना पाहुणा खुर्ची अडवून बसलाय म्हणून नवा आत येत नाही. दुपारी त्याने जुनी फाईल पुसून टाकली. संध्याकाळी दंडपाणींनी नवं ड्रॉइंग सर्व्हरवर ठेवलं, शुभ वेळ लावून, विभूती लावून, अगदी मनापासून. सकाळी बघतात तर दोन्हीकडे काहीच नाही. नवं नाही आणि जुनंही नाही.

“सर, जागा केली होती मी त्याच्यासाठी,” मरुदाचलम फोनवर रडकुंडीला आला, आणि घाबरून त्याने जुनी फाईल परत जागेवर आणून ठेवली.

बुधवार उजाडला. पाळणाघरवाल्या बाईंकडे आडीच्या आधीचं शेवटचं लग्न होतं, म्हणून तामरै मुलाला घेऊनच आली. डाव्या कडेवर मूल, उजव्या हातात माउस. मूल तिच्या गळ्यातली साखळी चघळत होतं आणि ती एका हाताने, न थांबता, मंगळवारी नव्याने घेतलेलं ते ड्रॉइंग पुरं करत होती. पेरियनायकी अक्कांनी मुलाला घ्यायला हात पुढे केले, तेव्हा ती फक्त “राहू दे, अक्का” म्हणाली.

त्यात भर म्हणजे अन्नूर रस्त्याची वीज दुरुस्तीसाठी दोनपासून रात्रीपर्यंत बंद राहणार होती. साचा कापायला सुरुवात व्हायची ती दोनच्या आत. आणि बुधवारी बारा ते दीड राहुकाल. त्या वेळात त्या ऑफिसात कोणी नवी पेन्सिलसुद्धा तासत नसे.

ड्रॉइंग संपलं तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. दंडपाणींनी ते आपल्या कॉम्प्युटरवर घेतलं. शेवटचा उपाय म्हणून त्यांनी ज्ञानप्रकाशमला फोन लावला होता. तो खांदा आणि कान यांच्यामध्ये धरून, मान वाकडी करून ते ऐकत होते आणि उजव्या हाताने सवयीप्रमाणे घड्याळ मागे सरकवत होते.

“सर, हे यंत्र साधं आहे,” ज्ञानप्रकाशम सांगत होता. “दोन्हीकडे एका नावाची फाईल असली की सर्व्हर फक्त वेळ बघतो. जिच्यावर उशिराची वेळ, तीच खरी. आधीच्या वेळेची असेल ती शिळी समजून बाजूला टाकतो. तुम्ही संध्याकाळी ठेवलेली फाईल त्याला शिळी वाटायचं काही कारणच नाही. तुमच्याकडे घड्याळाशी कोणी खेळत नाही ना?”

दंडपाणींचा हात बारावरून मागे येत येत सव्वानऊवर पोचला होता. तो तिथेच राहिला.

मरुदाचलम रोज अकराला जुनं ड्रॉइंग उघडून “हो” म्हणत होता. आणि दंडपाणी स्वतः रोज संध्याकाळी पाचला तयार झालेलं ड्रॉइंग सव्वानऊचं, नाहीतर पावणेआठचं, म्हणून पाठवत होते. सर्व्हर बिचारा प्रामाणिक. अकराचं ते ताजं, सव्वानऊचं ते शिळं. त्याने शिळं काढून टाकलं. सोमवारी तर फाईल पुसली दुपारी आणि नव्या ड्रॉइंगवर वेळ सकाळची; पुसणं ताजं ठरलं, म्हणून त्याने ड्रॉइंगही पुसलं. शुभ वेळेवर जन्मलेली ती सगळी ड्रॉइंगं त्यांच्याच हाताने गेली होती.

“हॅलो? सर? आहात ना?”

“आहे,” दंडपाणी म्हणाले. “घड्याळाशी... इथे कोण खेळणार?” आणि फोन ठेवला.

तामरै त्यांच्याकडे बघत होती. तिची नजर पडद्यावरच्या घड्याळावर गेली, तिथून भिंतीवरच्या कॅलेंडरवर, आणि पुन्हा त्यांच्यावर आली. हुशार मुलगी होती. हे दंडपाणींनीच तिच्या नेमणुकीच्या वेळी लिहून दिलं होतं.

“सर,” ती हळू म्हणाली, “म्हणजे रोज?”

“रोज,” दंडपाणी म्हणाले. मग एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ते सरसावून बसले. “थांब! संध्याकाळची शुभ वेळ पावणेपाचची आहे. मागे नको, पुढे करू! पावणेपाचचं म्हणून पाठवू, अकराच्या पुढचंच होईल!”

“आणि पावणेपाचपर्यंत मरुदाचलम अण्णा त्यात जे काही दुरुस्त करतील, ते सगळं शिळं होईल.”

मूल साखळी सोडून आता दंडपाणींकडे बघत होतं, अगदी आईसारखंच. चष्मा पुसण्यात अर्थ नव्हता. त्यांनी घड्याळ खऱ्या वेळेवर आणलं आणि खुर्चीवरून उठले.

“बस इथे. तूच ठेव. तुझ्याच हाताने.”

“राहुकालात?”

“राहुकालात.”

पेरियनायकी अक्कांनी डोळे मिटून घेतले. तामरैने मूल सावरलं आणि बटण दाबलं. पंखा फिरत होता. मुलाला उचकी लागली. दीड वाजायच्या जरा आधी फोन खणाणला.

“सर! आलं! कोपराची खिट्टी! अहो, काय गोड दिसतेय!” मरुदाचलम एवढ्याने ओरडत होता की फोनची गरज नव्हती. “बंद करू का? ते विचारतंय, बदल ठेवू का म्हणून.”

“नाही म्हण!” दंडपाणी किंचाळले. “मरुदाचलम, इथून पुढे जन्मभर त्याला नाही म्हण!”

आरडाओरडा ऐकून मुदलाळी केबिनमधून बाहेर आले. पडद्यासमोर वाकून त्यांनी ड्रॉइंग पाहिलं, मग नेहमीप्रमाणे वेळ पाहिली. पावणेएक. त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं. “राहुकालात ठेवलंत?”

दंडपाणींना क्षणभर वाटलं, म्हणावं, सर्व्हरचं घड्याळ चुकलंय. म्हणता आलं असतं. पण समोर ते मूल होतं आणि त्याला उचकी लागली होती.

“अय्या, तामरैच्या हाताचा यात काही दोष नाही,” ते उभ्याने म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं. सकाळची वेळ, संध्याकाळचं काम, घड्याळ मागे, घड्याळ पुढे. “तुम्हाला शुभ वेळ आवडते म्हणून मी... नियोजन करत होतो.”

मुदलाळींनी मिशी चोळली.

“फाईलची शुभ वेळ मी कशाला बघू?” ते म्हणाले. “लोखंडाला हत्यार लागतं ती सुरुवात. ते दीडनंतर लागेल, राहुकाल संपल्यावर. तेवढं मी बघतो. फाईलवरची वेळ मी बघत होतो, ती ऑफिसात कोण किती वाजता कामाला लागतं ते कळावं म्हणून.”

दंडपाणींना खाली बसावंसं वाटलं. पण खुर्चीत तामरै होती.

“म्हणजे त्या सगळ्या वेळा खोट्या?”

“शुभ होत्या, अय्या.”

“मंगळवारची पावणेआठ पण?”

दंडपाणींनी चष्मा काढून पुसायला घेतला.

“माझ्या मुलाला मी तुमचं उदाहरण देतो हो! ‘बघ, दंडपाणी पावणेआठला ड्रॉइंग ठेवून मोकळा होतो, तेव्हा तू टूथब्रश शोधत असतोस.’ मग खरे येता तरी कधी?”

“दहा... दहाच्या आसपास.”

“कुठल्या बाजूच्या आसपास?”

तामरैने चेहरा मुलाच्या जावळात लपवला होता आणि तिचे खांदे हलत होते. बऱ्याच दिवसांनी ती हसत होती. खरं सांगायचं तर दंडपाणींना ते बघून बरं वाटलं, पण ते कबूल करण्याची ही वेळ नव्हती.

“ठीक,” मुदलाळी म्हणाले. “उद्यापासून ड्रॉइंगं तामरै स्वतः ठेवेल, काम होईल त्या वेळेला. तुम्ही शुभ वेळ सोडू नका. चांगली सवय आहे. फक्त आता घड्याळाऐवजी तुम्ही स्वतः त्या वेळेला येत जा. कॅलेंडरवर जी असेल ती.”

दिवाळीला कंपनीने सगळ्यांच्या घरी नवा ग्राइंडर पाठवला. स्वर्णमने पहिलं पीठ वाटलं, कोपराने खिट्टी दाबली, आणि भांडं कसं अलगद कललं. “अगंबाई,” ती म्हणाली, “हे कोणा शहाण्याने केलंय म्हणायचं.” मोकळ्या राहिलेल्या दुसऱ्या हाताने तिने कॅलेंडरचं कालचं पान फाडलं आणि त्याच हाताने डबा पुढे केला.

“अहो, उठा. आज मंगळवार. पावणेआठ.”